कळ दाबून कळ थांबते का?

मराठीत दुखण्याला शब्द कमी नाहीत. डोके ठणकते, गळू ठसठसते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पोटऱ्या वळतात, तळपाय भगभगतात, उभे राहून राहून मांड्यांना रग लागते आणि खरचटलेल्या गुडघ्यावर पाणी पडले की चुरचुरते. आपल्या आज्या-पणज्यांनी हा सगळा कोश दवाखान्याची पायरी न चढता तयार केला. आपण मात्र दवाखान्यात जातो आणि एवढेच म्हणतो, ‘‘दुखतंय हो.’’ मग डॉक्टर विचारतात, शून्य ते दहामध्ये किती? आणि दहा वर्षे कंबर धरून चालणारा माणूस गोंधळून ‘सात’ असे सांगून मोकळा होतो.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांना ही अडचण फार पूर्वी जाणवली होती. रुग्ण आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९७५ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेची ७८ विशेषणे वीस गटांत लावलेली आहेत. मेलझॅक यांचे नाव पुढे पुन्हा येईल, कारण आज ज्या यंत्राबद्दल लिहायचे आहे त्याच्या मुळाशी त्यांचीच एक कल्पना आहे.

यंत्राचे नाव ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर’. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. त्याच्या मागच्या बाजूला, आवरणाच्या बाहेर, दोन बारीक तारा सरकवून ठेवायच्या. त्या तारा त्वचेखालून नेऊन कंबरेच्या खाली किंवा पोटावर, कातडीच्या आत बसवलेल्या एका डबीला जोडायच्या. डबीत बॅटरी असते. तिच्यातून मज्जारज्जूला सौम्य विजेची स्पंदने मिळत राहतात. रुग्णाच्या हातात टीव्हीसारखा रिमोट असतो. प्रवाह वाढवायचा, कमी करायचा, बंद करायचा, सगळे त्याच्या हाती. मराठीत कळ म्हणजे वेदना आणि कळ म्हणजे बटणही. एक कळ दाबायची आणि दुसरी थांबवायची, असा हा सौदा आहे. पाठीवर एक-दोन शस्त्रक्रिया होऊनही ज्यांचे दुखणे गेलेले नाही, ज्यांच्या पायातून रात्रंदिवस सणक जाते, अशांना तो सुचवला जातो. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते आणि तिचा खर्च काही लाखांत जातो.

मी डॉक्टर नाही. तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. कागदावर जे लिहिले आहे ते खरे धरले तर हिशेब कुठे जातो, आणि खरे नसले तर कुठे जातो, हे पाहणे एवढेच माझे काम होते. या यंत्राच्या कागदपत्रांकडे मी वळलो तो त्याच सवयीने, आणि एका जुन्या सहकाऱ्यामुळे. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. आधी यंत्रामागची कल्पना पाहू, कारण ती खरोखर देखणी आहे.

दुखऱ्या जागी वीज लावण्याचा उपाय नवा नाही. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीवर आणि संधिवातावर जिवंत विजेरी मासा लावायला सांगत असे. पण अशाने का बरे वाटावे, याचे पटेल असे उत्तर मिळाले ते १९६५ मध्ये. मेलझॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल या दोघांनी त्या वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की वेदनेचा निरोप शरीराकडून मेंदूकडे थेट जात नाही. वाटेत, मज्जारज्जूत, त्याला एक फाटक लागते. वेदनेचा निरोप बारीक तंतूंवरून येतो. स्पर्श, दाब, थरथर यांचा निरोप जाड तंतूंवरून येतो. जाड तंतूंची वर्दळ वाढली की फाटक मिटते आणि वेदनेचा निरोप अडतो. मूल धडपडले की आई आधी त्याचा गुडघा चोळते. दाराच्या चौकटीला कोपर आपटले की आपला हात आपोआप त्यावर जातो. चोळल्याने बरे का वाटते, याचा हा खुलासा.

मग पुढची पायरी कुणालाही सुचावी अशीच होती. हाताने चोळण्याऐवजी फाटकापाशीच वीज दिली तर? अमेरिकेतले शल्यविशारद नॉर्मन शिली यांनी १९६७ मध्ये कॅन्सरच्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर असे उपकरण प्रथम बसवले. ते चालू केले की दुखऱ्या भागात मुंग्या येत आणि दुखणे त्या मुंग्यांखाली झाकल्यासारखे होई. १९८९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हातपाय आणि धडाच्या जुनाट दुखण्यासाठी या उपचाराला मान्यता दिली आणि मग त्याचा एक मोठा उद्योग झाला.

आता अडचण कुठे आहे ते पाहायचे.

पहिली अडचण अशी, की जुनाट वेदना म्हणजे तारेवरून येणारा निरोप, एवढीच गोष्ट नाही. ताजी जखम आणि पंधरा वर्षांचे दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; भाषेत दोन्हींना ‘दुखणे’ म्हणतात, हा भाषेचा गरिबीपणा. कादंबरी लिहिताना मला हे फार जाणवते. पात्राला गोळी मारता येते, तीन पाने तळमळत ठेवता येते, पण पंधरा वर्षे त्याची पाठ दुखवता येत नाही. वाचक पुस्तक मिटतो. घरातली माणसेही, वाईट वाटून घेऊ नका, कधीतरी कान मिटतातच.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचा अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत होता. मोठमोठ्या जखमा झालेले सैनिक शुद्धीत होते, बोलत होते, आणि वेदनाशामक हवे का असे विचारल्यावर त्यांच्यातले सुमारे तीन-चतुर्थांश ‘नको’ म्हणत होते. बीचरने १९४६ मध्ये हे लिहून ठेवले. त्या सैनिकांच्या दृष्टीने जखम म्हणजे आघाडीवरून सुटका होती. जखम तेवढीच, पण तिचा अर्थ वेगळा, म्हणून वेदना वेगळी. याच्या उलटही घडते. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या ९८ माणसांच्या कण्याचे एमआरआय काढले. त्यांतल्या फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या चकत्या ठीकठाक निघाल्या. बाकीच्यांची कुठली ना कुठली चकती फुगलेली, सरकलेली होती, आणि ही माणसे मजेत हिंडत-फिरत होती! आपल्याकडे एमआरआयचा लिफाफा देव्हाऱ्याशेजारी ठेवला जातो आणि ‘एल-फोर, एल-फाइव्ह’ हे शब्द गोत्रासारखे सांगितले जातात, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

१९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ या शास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की दुखापतीनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच अतिसंवेदनशील होऊ शकतात. मग साधा स्पर्शही दुखतो. आमच्या एका शाखेत चोरघंटा बसवलेली होती. पुढे पुढे ती इतकी हळवी झाली की पाल धावली तरी वाजायची. रात्री दोनला पोलीस, मॅनेजर आणि निम्मी आळी शाखेच्या दारात उभी. तारा तपासल्या, दरवाजे तपासले. दोष घंटेच्या पेटीतच होता. जुनाट वेदनेचे बऱ्याच जणांच्या बाबतीत असेच होते. जखम भरलेली असते, घंटा वाजत राहते, आणि ती वाजणे अगदी खरे असते. झोप न लागणे, काम सुटल्याची धास्ती, वाकलो तर काही तुटेल ही भीती, यांनी ती आणखी जोरात वाजते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली तेव्हा तिला शारीरिक आणि भावनिक ‘अनुभव’ म्हटले, केवळ संवेदना म्हटले नाही. आपल्या ‘वेदना’ या शब्दाच्या मुळाशी ‘विद्’, म्हणजे जाणणे, हा धातू आहे, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. फाटकापाशी वीज सोडून हे सगळे आटोक्यात येईलच, असे मानायला आधार नाही.

दुसरी अडचण अगदी सुताराच्या, गवंड्याच्या पातळीवरची आहे. मज्जारज्जू पाण्यासारख्या द्रवात असतो. माणूस आडवा झाला, उठला, वाकला की तारेपासून त्याचे अंतर बदलते आणि प्रवाहाचा जोर कमी-जास्त होतो. तार थोडी जरी सरकली तरी मुंग्या भलत्याच जागी येतात. पायात मुंग्या आणणे त्यामानाने सोपे. नेमक्या कंबरेत आणणे अवघड, आणि तक्रार तर बहुधा कंबरेची असते. काहींना पहिले वर्ष बरे जाते आणि मग शरीराला सवय होऊन परिणाम ओसरतो. जंतुसंसर्ग, तार तुटणे, बॅटरी संपणे हे वेगळेच. ऑस्ट्रेलियात २०१२ ते २०१९ या काळात तिथल्या सरकारी यंत्रणेकडे आलेल्या ५२० तक्रारी अभ्यासल्या गेल्या. त्यांतल्या ८० टक्के प्रकरणांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. खासगी विम्याच्या नोंदी पाहिल्या तर दर दहा यंत्रे बसवली जात असताना चार काढली जात होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २०१६ ते २०२० या चार वर्षांत या यंत्रांबद्दल एक लाखाहून अधिक अहवाल आले. अहवाल आला म्हणजे दोष यंत्राचाच, असे सिद्ध होत नाही, हे खरे. पण त्या अहवालांत सर्वांत जास्त वेळा नोंदवलेली अडचण कोणती होती? ‘पुरेसा आराम नाही’.

तरीही, कुणी म्हणेल, हजारो रुग्णांना बरे वाटते, डॉक्टर सांगतात, जुन्या चाचण्याही सांगतात, त्याचे काय? हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

औषधाची चाचणी करताना निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी देतात. कोणाला काय मिळाले हे कोणालाच ठाऊक नसते. शस्त्रक्रियांच्या बाबतीतही हे करून पाहिलेले आहे आणि त्यातून चकित करणारे निकाल लागलेले आहेत. २००२ मध्ये ह्यूस्टन इथे गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांवर असा प्रयोग झाला. काहींचा गुडघा दुर्बिणीतून खरोखर साफ केला, काहींच्या कातडीवर नुसते छेद देऊन टाके घातले. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. पण मज्जारज्जूच्या यंत्राचे तसे करता येत नव्हते, कारण यंत्र चालू झाले की मुंग्या येत. मुंग्या आल्या म्हणजे यंत्र चालू, नाहीत म्हणजे बंद. रुग्णापासून काही लपून राहणार नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे चाचण्या झाल्या त्या अशा, की एका गटाला यंत्र, दुसऱ्या गटाला नेहमीचीच औषधे, जी आधी लागू पडलेलीच नव्हती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत शंभर रुग्ण होते. सहा महिन्यांनी यंत्र मिळालेल्या गटातल्या ४८ टक्के रुग्णांचे पायाचे दुखणे निम्म्याने उतरले होते. दुसऱ्या गटात फक्त ९ टक्के. आकडे नेत्रदीपक आहेत. पण एका गटाला ऑपरेशन, नवे यंत्र, हातात रिमोट, दर काही दिवसांनी आस्थेने चौकशी. आणि दुसऱ्याला त्याच त्या गोळ्या. यात विजेचा वाटा किती आणि आशेचा किती, हे कसे सांगणार?

पुढे तंत्र बदलले. सेकंदाला दहा हजार स्पंदने देणारी, किंवा स्पंदनांचे छोटे झुबके सोडणारी यंत्रे आली. यांत मुंग्या येत नाहीत. उत्पादकांनी हा मोठा फायदा म्हणून सांगितला आणि तो आहेही. पण त्याबरोबर, त्यांच्या मनात असो वा नसो, पहिल्यांदाच अशी सोय झाली की यंत्र चालू आहे की बंद हे रुग्णाला कळू न देता तपासता येईल.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या सेंट ओलाव्ह रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ते तपासले. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पायात जाणारे दुखणे न गेलेले पन्नास रुग्ण त्यांनी घेतले. हे सगळे आधीच्या तात्पुरत्या चाचणीत उत्तीर्ण झालेले होते, म्हणजे तात्पुरती तार घालून पाहिल्यावर ‘बरे वाटते’ असे म्हणालेले. त्यांना कायमचे यंत्र बसवले. मग वर्षभरात तीन-तीन महिन्यांचे चार टप्पे केले. दोन टप्प्यांत यंत्र चालू, दोन टप्प्यांत बंद, आणि कोणता टप्पा कोणता हे रुग्णाला माहीत नाही. पाठदुखीमुळे दैनंदिन व्यवहारात किती अडथळा येतो ते मोजणारी शंभर गुणांची एक मोजपट्टी आहे. तिच्यावर सुरुवातीला रुग्णांची सरासरी ४४.७ होती. यंत्र चालू असताना ती १०.६ गुणांनी सुधारली. यंत्र बंद असताना ९.३ गुणांनी. फरक १.३. हा निकाल ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. पन्नासांपैकी चौघांना दुरुस्तीसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

हे आकडे मी दोन-तीनदा वाचले. यंत्राने काहीच झाले नाही, असे ते सांगत नाहीत. रुग्णांना बरे वाटले. बंद यंत्रानेही जवळजवळ तेवढेच वाटले, एवढेच ते सांगतात. माझ्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आठवडा-पंधरा दिवसांच्या तात्पुरत्या चाचणीत पास होणे म्हणजे पुढे यंत्र लागू पडणारच, या समजुतीलाही इथे धक्का बसतो, आणि रुग्णाला धीर देताना नेमके हेच वाक्य वापरले जाते: ‘‘आधी ट्रायल घेऊ, आराम पडला तरच पुढे जाऊ.’’

पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरच्या या उपचाराच्या १३ चाचण्यांचा, एकूण ६९९ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या मुदतीत खोट्या उपचाराहून अधिक फायदा बहुधा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. आणि वर्ष किंवा त्याहून अधिक काळाचे काय? तेवढी मुदत खोट्या उपचाराशी तुलना करून पाहणारी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. ज्या वस्तूची बॅटरी अनेक वर्षे चालते आणि जी आयुष्यभर अंगात बाळगायची आहे, तिच्याबद्दलची ही स्थिती.

बंद यंत्राने बरे कसे वाटते, असा प्रश्न पडेल. एक कारण हिशेबाचे आहे. बँकवाल्यांना ३१ मार्चची मौज ठाऊक असते. त्या दिवशीच्या ठेवी पाहून शाखा जोखली तर फसगत ठरलेली, कारण आकडा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपोआप खाली येतो. दुखण्याचेही चढउतार असतात. माणूस मोठ्या शस्त्रक्रियेला तयार होतो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. तिथून ते थोडे उतरणारच होते; यश मात्र मधल्या काळात जे केले त्याच्या खात्यावर जमा होते. दुसरे कारण आशेचे. अपेक्षेने मेंदू स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडतो, हे आता पक्के ठाऊक आहे. याला कुणी ‘मनाचे खेळ’ म्हणून हसू नये. ज्याला बरे वाटले त्याला खरेच बरे वाटले आणि ज्याचे दुखत होते त्याचे खरेच दुखत होते. माझा आक्षेप एवढाच, की आशेसाठी कण्यात तार घालणे हा फार महागडा आणि जोखमीचा मार्ग आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नॉर्वेच्या चाचणीत एकाच प्रकारची स्पंदने वापरली, रुग्ण पन्नासच होते, यंत्राची मांडणी प्रत्येकाला जुळवून घेतली असती तर निकाल वेगळा आला असता, असे या क्षेत्रातले अनेक डॉक्टर म्हणतात. त्यात तथ्य असू शकेल. मग तशी चाचणी त्यांनी करून दाखवावी. मधुमेहाने पायाच्या नसा जळल्यासारख्या दुखतात, त्या दुखण्यासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये अशा यंत्राला मान्यता मिळाली आहे आणि तिथले आकडे चांगले आहेत. मात्र त्या चाचणीतही तुलना खोट्या यंत्राशी नव्हती. दुखापतीनंतर हात किंवा पाय सुजून, लाल होऊन भयंकर दुखत राहण्याचा एक विकार आहे. त्यावर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत २००० साली उत्तम निकाल दिसला होता. त्याच डॉक्टरांनी प्रामाणिकपणे त्याच रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. तोपर्यंत दोन गटांतला फरक विरून गेलेला होता. काही माणसे अशीही आहेत की जी यंत्रामुळे पुन्हा कामावर गेली, आणि ते काढायचे म्हटले तर भांडायला उठतील. त्यांना खोटे ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण पुढच्या रुग्णाला त्यांचीच गोष्ट सांगायची आणि ट्रॉनहाइमची सांगायची नाही, हे बरोबर नाही.

पैशांचे बोलू. अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींवरून २०२२ च्या अखेरीस एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र बसवलेल्या १,२६० रुग्णांची तुलना औषधोपचारावर असलेल्या तशाच रुग्णांशी केली. दोन वर्षांनंतर यंत्रवाल्यांच्या अफूवर्गीय गोळ्या कमी झालेल्या नव्हत्या, इंजेक्शने आणि इतर उपचारही कमी झाले नव्हते. पहिल्या वर्षीचा खर्च मात्र सुमारे ३९ हजार डॉलरने जास्त होता, आणि २२ टक्के रुग्णांचे यंत्र दोन वर्षांत काढावे किंवा दुरुस्त करावे लागले होते. तिथे बिल विमा कंपनी भरते. आपल्याकडे ते बहुतेक वेळा मुदत ठेव भरते, नाहीतर सोने, नाहीतर गावाकडची जमीन.

आता त्या सहकाऱ्यांबद्दल. आमच्या शाखेत ते हेड कॅशियर होते. नोटांची बंडले मोजता मोजता अंगठा झिजलेला, संध्याकाळी एक रुपया जुळला नाही तर सातपर्यंत घरी न जाणारा माणूस. निवृत्तीनंतर पाठीच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. डाव्या पायातली कळ काही गेली नाही. रात्री दोन-अडीचला उठून ते गॅलरीत फेऱ्या मारतात आणि वहिनी आतून दिवा लावून बसतात. एका मोठ्या रुग्णालयाने हे यंत्र सुचवले आणि एक सुंदर छापलेली पुस्तिका हातात दिली. ती घेऊन ते माझ्याकडे आले. ‘‘साहेब, तुम्ही आयुष्यभर प्रोजेक्ट रिपोर्ट वाचलेत. एवढं एक वाचून द्या. एफडी मोडायची म्हणजे हिच्याशी बोलावं लागेल.’’

पुस्तिकेत हसरी माणसे होती, नातवाला खांद्यावर घेतलेले आजोबा होते. ‘यशस्वी’ हा शब्द अनेकदा होता. यश म्हणजे काय, हे एका ओळीत सापडले: दुखण्यात निम्म्याने घट. दहातल्या आठाचे चार. चार ही काही वाईट गोष्ट नव्हे, रात्री झोप लागण्यासारखी आहे; पण ते नातवाला खांद्यावर घेणेही नव्हे. किती जणांना, किती काळ, कशाच्या तुलनेत, यांतले काहीच पुस्तिकेत नव्हते. असा प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्या टेबलावर आला असता तर मी तो नामंजूर केला नसता. प्रश्न लिहून परत पाठवला असता.

तेच आम्ही केले. कागद घेऊन बसलो आणि डॉक्टरांना काय विचारायचे ते लिहून काढले. माझ्या नेमक्या आजारात, बंद ठेवलेल्या यंत्राशी तुलना करून या यंत्राची चाचणी झाली आहे का, आणि निकाल काय? तुम्ही स्वतः बसवलेल्या यंत्रांपैकी किती तीन वर्षांनंतर चालू आहेत आणि किती काढली? पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर हे मॉडेल चालेल का? बॅटरी बदलायला, तार सरकली तर पुन्हा बसवायला, नकोच झाले तर काढायला किती खर्च, आणि तो अंदाजपत्रकात धरला आहे का? वहिनी शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी पाचवा प्रश्न घातला: ऑपरेशनच्या वेळी कंपनीचा माणूस तिथे असतो का, आणि तो नंतर फोन उचलतो का? तीस वर्षे कर्जप्रकरणे करून मला तो सुचला नव्हता.

यंत्र नाही तर मग काय, हा प्रश्न उरतोच. ‘सहन करा’ हे उत्तर म्हणून देणे निर्दयपणाचे आहे, आणि ज्याचे जळते त्यालाच कळते. खरे म्हणजे सोपे उत्तर नाही. पण काही उत्तरे आहेत आणि ती चमकदार नसल्याने त्यांच्या पुस्तिका निघत नाहीत. ऑस्ट्रेलियात पर्थ आणि सिडनी इथे जुनाट कंबरदुखीच्या ४९२ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. खास शिकलेले फिजिओथेरपिस्ट, बारा आठवड्यांत सात भेटी आणि नंतर एक उजळणी. रुग्णाला आपले दुखणे काय आहे ते समजावून सांगायचे, ज्या हालचालींची भीती बसली आहे त्या हळूहळू पुन्हा करायला लावायच्या, झोपेची घडी बसवायची. नेहमीच्या उपचारांपेक्षा रुग्णांचे हिंडणे-फिरणे आणि दुखणे दोन्ही स्पष्ट सुधारले, ते वर्षभर टिकले आणि एकूण खर्चही कमी आला. तिथेही खोटा उपचार कसा द्यायचा हा प्रश्न आहे, तेव्हा जो काटा यंत्राला लावला तोच इथेही लावायला हवा. पण इथे कण्यात काही घातलेले नाही, आणि काढावे लागणार नाही.

पहिले यंत्र बसवणाऱ्या नॉर्मन शिली यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ला क्रॉस या गावी वेदना-पुनर्वसनाचे केंद्र काढले. आपल्या यंत्राचा शोध लागून चार वर्षे झाली होती, आणि या केंद्रात भर शस्त्रक्रियेवर नव्हता.

हेड कॅशियरांनी प्रश्नांचा कागद खिशात घालून डॉक्टरांची भेट घेतली. डॉक्टर तरुण होते आणि सज्जन होते. त्यांनी कागद पूर्ण वाचला, रागावले नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी ‘झाली आहे, आणि निकाल आमच्या बाजूचा नाही’ असे स्पष्ट दिले. दुसऱ्याला ‘माझी संख्या लहान आहे, पण रजिस्टर काढून सांगतो’ असे म्हणाले. ते रजिस्टर यायचे आहे. तोवर एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे आठवड्यातून एकदा जाणे सुरू झाले आहे. एफडीची मुदत फेब्रुवारीत संपते.